फॉल्ट म्हणजे एक भेगच ना? मग त्यात खडकाचं पीठ कसं होतं?

शाळेच्या पुस्तकातली आकृती आधी डोक्यातून काढा: दोन ठोकळे आणि मधे एक तिरकी रेघ. भूशास्त्र शिकताना पहिला खराखुरा प्रस्तरभंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक जिथे सरकलाय असा फॉल्ट, बघायला गेलो तेव्हा मीही ती रेघच शोधत होतो. सर म्हणाले, "अरे, तू त्याच्यावरच उभा आहेस." फॉल्ट हा पट्टा असतो.

पट्ट्याच्या कडेचा खडक साधारण धड दिसतो, फक्त भेगा जास्त. आत यावं तशा त्या दाट होत जातात. मग टोकदार तुकड्यांचा ढीग लागतो, तो ब्रेशिया. त्याच्याही आत भरड, आणि अगदी गाभ्यात पीठ. त्याला गाऊज म्हणतात. ओलं असेल तर चिकणमातीसारखं बोटांना चिकटतं. जात्याच्या दोन दगडांमध्ये जे होतं तेच इथे होतं. फरक इतकाच की इथे जातं स्वतःच दळलं जातं.

सुरुवात मात्र दळण्याने होत नाही. ठिसूळ खडकावर दाब वाढला की खनिजांच्या कणांत बारीक भेगा उघडतात, त्याही जास्तीत जास्त दाबाच्या दिशेला समांतर. त्या वाढतात, एकमेकींना मिळतात आणि मग कुठे तिरका सरकता पृष्ठभाग तयार होतो. याच्याशी मिळतंजुळतं चित्र मोठ्या प्रमाणावर कोयनेत दिसलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या 6.3 रिश्टरच्या भूकंपानंतर डोणीच्या वाड्याजवळ जमिनीला पडलेल्या भेगा सलग नव्हत्या. एकामागे एक, तिरक्या, तुटक. खालचे खडक आडवे सरकले, की वरची जमीन अशीच फाटते.

आता गंमत. घर्षणाच्या बाबतीत ग्रॅनाइट काय नि बेसाल्ट काय, फारसा फरक पडत नाही. घर्षणांक, म्हणजे सरकायला किती विरोध होतो त्याचा आकडा, बहुधा 0.6 ते 0.85 मध्येच येतो. चिकणखनिजं मात्र याला अपवाद. पाणी मुरून फेल्डस्पार या खडकातल्या नेहमीच्या खनिजाची चिकणमाती झाली की गाभा निसरडा होतो. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास फॉल्टला पार्कफील्डजवळ भोक पाडलं, तेव्हा सुमारे 2.7 किलोमीटर खोलीवर दीड-अडीच मीटर जाडीचे दोन पट्टे सापडले, सॅपोनाइट या मऊ खनिजाने भरलेले. तिथे फॉल्ट मोठे धक्के न देता हळूहळू सरकत राहतो.

पाणी आणखी एक काम करतं. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजू एकमेकींवर कमी जोराने दाबल्या जातात आणि अडकलेला फॉल्ट सुटतो. कोयनेचं धरण 1962 पासून भरू लागलं आणि त्यानंतर तिथे भूकंप वाढले, ते मुख्यतः यामुळेच असं मानलं जातं. हे भूकंप वरच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, होत नाहीत, त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात होतात. म्हणून तर कोयनेजवळच्या गोठणे गावी 3 किलोमीटर खोल भोक घेतलं, 2017 मध्ये पुरं झालं. आणखी बरंच खोल, 10-15 किलोमीटरच्या पुढे, क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, तापून वाहू लागतो. तिथे हे तुटणं-दळणं संपतं.

घाटात दिसणारी प्रत्येक भेग फॉल्ट समजू नका. बहुतेक भेगा हे नुसते सांधे, म्हणजे खडक न सरकता पडलेल्या भेगा, लाव्हा थंड होताना पडलेल्या. खडक सरकला असेल तर भेगेची बाजू घासून चकचकीत झालेली असते, तिच्यावर समांतर ओरखडे असतात. हात फिरवून बघा: एका दिशेने सहज जातो, उलट्या दिशेने बारीक पायऱ्यांना अडतो. सहज जातो त्या दिशेने समोरचा, आता नसलेला खडक सरकला असं धरतात. अधूनमधून ही खूण फसवते, म्हणून चार-पाच ठिकाणी तपासायची.