जुनी डिमांड दाखवून इन्कम टॅक्सचा रिफंड अडवला, तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील मेहकर तालुक्यातल्या अनुदानित शाळेतून निवृत्त झाले. यंदा ३१ हजारांचा रिफंड यायचा होता. तो आलाच नाही, उलट कलम २४५ची सूचना आली. कर निर्धारण वर्ष २०१४-१५ची (म्हणजे २०१३-१४ या आर्थिक वर्षाच्या पगारावरची) १८,४०० रुपयांची डिमांड, म्हणजे जुन्या कराची मागणी, बाकी आहे, ती यातून वळती करू, असं त्यात म्हटलंय. सूचनेला बारा दिवस झाले. कटकट नको म्हणून मान्य करून मोकळं व्हावं का?

नका करू. पोर्टलवर एकदा ‘डिमांड बरोबर आहे’ असं कळवलं की नंतर ‘नाही’ म्हणता येत नाही. उत्तराला २१ दिवस असतात, म्हणजे नऊ दिवस हातात आहेत. गप्प राहिलात तरी ते पैसे वळते करतात. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडा, ‘डिसअ‍ॅग्री’ निवडा, कारण लिहा आणि त्या वर्षाचा फॉर्म १६ (शाळेने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) जोडा. हे आजच करा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण मी स्वतः यात पोळलोय. मीही मास्तर, वऱ्हाडातल्याच एका शाळेतून २०२१ला निवृत्त झालो. पुढच्या वर्षी रिफंड येईना. विवरणपत्र भरायचो तालुक्याच्या नेट कॅफेत. त्या पोराने पोर्टलवर माझ्याऐवजी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवलेला. सूचना त्याच्याकडे गेली, मुदत तिथेच संपली. मला कळलं तेव्हा रिफंड २०१८-१९च्या डिमांडपोटी वळता झालेला होता. (वडिलांच्या प्रोफाइलमध्ये कोणाचा नंबर आहे, ते लगेच पाहा.)

डिमांड कशाची? त्या वर्षीचा फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर सरकारकडे जमा झालेल्या कराचा उतारा, काढला. चार तिमाहींपैकी एका तिमाहीचा टीडीएस (पगारातूनच कापलेला कर) त्यात नव्हताच. पगारातून कापल्याची पावती माझ्याकडे होती, सरकारच्या वहीत मात्र माझ्या नावावर पैसा नाही. शाळेत गेलो. नवीन बाबू म्हणाला, “सर, जुने रजिस्टर तिकडे खोलीत हायेत, पाहून घ्या.” खोलीत पोषण आहाराचे तांदळाचे कट्टे, त्यांच्यामागे कपाट. रजिस्टर सापडलं. जुन्या मोठ्या बाबूंनी पॅनचे आकडे मराठीत लिहिलेले, आणि माझ्या नंबरातला ९ इतक्या घाईत काढलेला की कोणीही तो १च वाचला असता. टायपिंग करणाऱ्याने तसाच वाचला. माझा टीडीएस भलत्याच पॅनवर जमा! इन्कम टॅक्सच्या बंगळुरूतल्या प्रक्रिया केंद्राला शिव्या घालून झाल्या होत्या, त्या मनातल्या मनात परत घेतल्या.

मुख्याध्यापकांकडे चार चकरा मारल्या, तेव्हा शाळेने २४क्यू या तिमाही पत्रकाची दुरुस्ती भरली. महिन्याभराने २६एएसमध्ये रक्कम दिसली. मग कलम १५४खाली पोर्टलवरच दुरुस्तीचा अर्ज केला, डिमांड शून्य झाली आणि रिफंड सुटला. सांगायचं हे, की वळता झालेला पैसा बुडत नाही, डिमांड चुकीची ठरली की परत मिळतो.

वडिलांची डिमांडही अशीच टीडीएस न दिसल्याने आलेली असेल, तर त्यांचा रस्ता मात्र माझ्यापेक्षा अवघड आहे. टीडीएसच्या जुन्या पत्रकांच्या दुरुस्तीला आता मुदत घालून दिलेली आहे. २०१८-१९पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी ती ३१ मार्च २०२५ला संपली. त्यामुळे शाळेने मनात आणलं तरी २०१३-१४चं पत्रक ती दुरुस्त करू शकत नाही. १५४ची चार वर्षांची मुदतही उलटून गेली असणार.

राहिलं कलम २०५. पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढा कर त्या माणसाकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं ते सांगतं. मालकाने कापलेला कर भरलाच नसेल, तरी कर्मचाऱ्याकडे तगादा लावू नका, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावलंय. म्हणून तुमची लढाई बंगळुरूशी नाही, तुमच्या हद्दीच्या कर निर्धारण अधिकाऱ्याशी आहे. तो कोण, ते पोर्टलवर पॅन टाकून कळतं. फॉर्म १६, बाराही महिन्यांच्या पगारपत्रकाच्या प्रती आणि कपातीबद्दल मुख्याध्यापकांचा दाखला लावून लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी बोलून परत येऊ नका. हालचाल दिसली नाही तर पोर्टलवर तक्रार टाका आणि अर्जाचा शिक्का त्यात जोडा.

कोणी सांगेल की २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या डिमांड माफ झाल्या. झाल्या, पण २०११-१२ ते २०१५-१६ या कर निर्धारण वर्षांसाठी मर्यादा प्रत्येक डिमांडला १० हजारांची होती. मात्र १८,४०० हा आकडा नीट फोडून पाहा. त्यात उशिराचं, कलम २२०(२)चं महिन्याला एक टक्क्याचं व्याज मिसळलेलं असू शकतं. मर्यादा मोजताना ते व्याज धरायचं नव्हतं. मूळ रक्कम दहा हजारांच्या आत निघाली, तर अर्जात पहिला मुद्दा तोच लिहा.

दोन किरकोळ गोष्टी. वडिलांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं का? ती १ मे २०२५ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आयएफएससी कोड बदललाय का ते बघून खातं पोर्टलवर पुन्हा व्हॅलिडेट करा, नाहीतर सुटलेला रिफंड दारातून परत जायचा. आणि रिफंडासोबत कलम २४४एचं दरमहा अर्धा टक्का व्याज आलं, तर ते पुढच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवा. माझं दाखवायचं राहून गेलं होतं, आणखी एक सूचना आली.