स्क्रीनशॉट काढावा की पाडावा?

बडोद्यातील ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकाची मराठी पुस्तिका तयार करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे : ‘आमच्याकडे सगळेच “स्क्रीनशॉट पाड” म्हणतात. पुस्तिकेचा कच्चा मसुदा वाचून पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदबाईंनी “पाडायला ती काय भिंत आहे?” असे विचारले. मग कोणते क्रियापद वापरावे? आणि त्या चित्रावर बाण, चौकटी, सूचना घालण्याला मराठीत एखादा शब्द आहे का?’

नामापुरता प्रश्न लवकर सुटतो. ‘पटलचित्र’ किंवा ‘पडदाचित्र’ असे शब्द घडवता येतात आणि ते समजतातही. परंतु पुस्तिका वाचून आजोबा नातवाला फोन करतील तेव्हा नातू ‘स्क्रीनशॉट’ हाच शब्द उच्चारणार आहे, म्हणून तोच ठेवावा. तो पुल्लिंगी आहे : तो स्क्रीनशॉट, दोन स्क्रीनशॉट. ‘छायाचित्र’ मात्र लिहू नये, कारण येथे भिंग नाही आणि छायाप्रकाशही नाही. संगणकाने स्वतःच पडद्यावर मांडलेल्या रंगबिंदूंची तो हुबेहूब नक्कल करून ठेवतो, एवढेच घडते.

खरी चर्चा क्रियापदाची आहे. ‘पाडणे’ हे आपल्या शहरात गुजरातीतून आले, यात शंका नाही. गुजरातीत ‘फोटो पाडवो’ हाच रूढ प्रयोग आहे आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी घरांतही ‘जरा फोटो पाड रे’ हे वाक्य सहज ऐकू येते. पण शेजारच्या भाषेतून आले म्हणून ते मराठीला परके ठरते का? मला तसे मुळीच वाटत नाही. आपण विटा पाडतो, टांकसाळीत नाणी पाडतो, ताटातल्या पाकाच्या वड्या पाडतो. बुंदी पाडणारा आचारी तापलेल्या तुपावर झारा धरतो, त्यावर पीठ ओततो, कडेवर एक ठोका देतो आणि एकसारखे दाणे खाली उतरतात. त्या कृतीला मराठीत ‘पाडणे’ याहून नेमका शब्द नाही. या सर्व प्रयोगांत जमीनदोस्त करण्याचा अर्थ कोठेही नाही; साच्यातून किंवा एका ठोक्यासरशी तयार वस्तू उतरवणे, हा त्यांचा गाभा आहे. एक कळ दाबताच पडद्याची तयार नक्कल हाती येते, तिला ‘पाडणे’ म्हणणे मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे. नणंदबाईंना भिंत आठवली, आपण त्यांना बुंदी आठवून द्यावी.

या शहराला दोन भाषा शेजारी नांदवण्याची जुनी सवय आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या राज्यकारभाराच्या कोशात इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतील पर्याय मांडलेले आहेत. शब्द ठरवताना शेजारच्या भाषेत काय म्हणतात हे आधी पाहावे, ही रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की बोलण्यातील ‘पाडणे’ दुरुस्त करण्याचा आग्रह मी कोणाकडेही धरणार नाही.

तरीही छापील पुस्तिकेत ‘काढणे’ लिहावे, असे माझे मत आहे. पुस्तिका उद्या नाशिकच्या किंवा इंदूरच्या वाचकाच्या हाती पडली तर त्याला अडखळावे लागू नये, हे एक कारण. आणि ‘काढणे’ हे क्रियापद या कामाच्या कुटुंबातलेच आहे, हे त्याहून मोठे कारण. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो, झेरॉक्स काढतो आणि दस्ताची नक्कलही काढतो. कळफलकावरील ‘प्रिंट स्क्रीन’ या कळीचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो : १९८१ मधील आयबीएम पीसीवर शिफ्टसह ती कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच छपाईयंत्रातून कागदावर उतरत असे, म्हणजे शब्दशः प्रत काढली जात असे. पुढे तीच कळ पडद्याचे चित्र संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवू लागली आणि ते दुसरीकडे चिकटवावे लागे. कळीचे नाव तेवढे जुने राहिले आहे.

‘काढणे’ लिहिताना एका ठिकाणी जपावे लागते. ‘पान ७ वरील स्क्रीनशॉट काढा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : नवा तयार करा, किंवा असलेला वगळा. आजीबाईंनी दुसरा अर्थ घेतला तर हवे असलेले चित्रच नाहीसे होईल. म्हणून तयार करण्यासाठी ‘काढा’ आणि वगळण्यासाठी नेहमी ‘काढून टाका’ किंवा ‘हटवा’, असा भेद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाळावा. ‘स्क्रीनशॉट घेणे’ हेही चूक नाही, कारण आपण ठसे घेतो, माप घेतो. ‘मारणे’ मित्रांच्या गप्पांत राहू द्यावे.

पूर्ण पडद्याऐवजी त्याचा तुकडाच घ्यायचा असेल तेव्हा मराठीत एक सुंदर शब्द आधीपासून तयार आहे, तो म्हणजे ‘कात्रण’. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की पडदा मंदावतो आणि हवा तो चौकोन आखता येतो. त्या सोयीचे ‘स्निपिंग टूल’ हे नाव कात्रीच्या कापण्यावरूनच आले आहे. वर्तमानपत्रातील कात्रणे जपून ठेवणाऱ्या पिढीला ‘पडद्याचे कात्रण’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. मॅकवर हेच काम कमांड, शिफ्ट आणि ४ या कळांनी होते.

आता बाण आणि चौकटी. येथे ‘भाष्य’ हा शब्द सुचवला जातो, तो मला फार जड वाटतो. ‘येथे दाबा’ असा बाण म्हणजे भाष्य नव्हे. बाण, गोल, चौकट यांसाठी ‘खूण करणे’ आणि शब्दांत लिहिलेल्या सूचनेसाठी ‘टीप’ हे पुरेसे आहे. अशा खुणा आणि टिपा असलेल्या चित्राला मी ‘सटीप स्क्रीनशॉट’ म्हणेन, कारण ग्रंथांची ‘सटीप आवृत्ती’ आपल्या ओळखीची आहे. शब्दांवर पिवळा रंग देण्याला ‘ठळक करणे’ म्हणू नये, कारण त्यातून जाड ठसा सूचित होतो. ‘पिवळा पट्टा ओढा’ असे सरळ लिहावे.

खाते क्रमांक किंवा पत्ता झाकण्याच्या कृतीला मात्र आपल्याकडे फार जुना शब्द आहे. हस्तलिखित पोथीत अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत असे आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. पोथीतल्या लेपाखाली शाई शिल्लकच असे, ही गोष्ट संगणकावरही ध्यानात ठेवावी. अर्धपारदर्शक काळ्या रेघोट्यांखालचे आकडे उजेड वाढवताच वाचता येतात, धूसर केलेला मजकूरही कधी कधी ओळखता येतो. म्हणून झाकण्यासाठी भरीव, अपारदर्शक चौकोनच वापरावा. कापण्यावरही आंधळा विश्वास नको : मार्च २०२३ मध्ये असे उघडकीस आले की गूगलच्या पिक्सेल फोनमधील ‘मार्कअप’ ही चित्र-संपादनाची सोय आणि विंडोज ११ मधील स्निपिंग टूल यांनी कापून त्याच फाइलवर जतन केलेल्या चित्रांत कापलेला भाग अंशतः उरत होता. हा दोष पुढे दुरुस्त करण्यात आला. पुस्तिकेत वाक्प्रचार नको, ‘झाका’ हेच क्रियापद हवे. पण त्यासोबत ‘भरीव चौकोनाने’ हे शब्द गाळू नयेत.

ताईंच्या मसुद्यातील ‘स्क्रीनशॉट पाडून त्यावर ॲनोटेट करून मोकला’ (‘मोकला’ म्हणजे गुजराती वळणाने ‘पाठवा’) हे वाक्य मी असे लिहीन : ‘पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, अडचण दिसते तेथे बाणाने खूण करा, बाजूला एका ओळीची टीप लिहा, खाते क्रमांक भरीव चौकोनाने झाका आणि मग चित्र पाठवा.’