दीपनगरची वीज आणि जळगावची चटई

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझा प्लॅस्टिकच्या चटयांचा छोटा कारखाना आहे. भुसावळजवळ दीपनगरला एवढी वीज तयार होत असताना ती आम्हाला महाग का पडते? वीज स्वस्त झाली, तर आपला देश परदेशी मालापुढे टिकेल, हे कितपत खरे आहे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : दीपनगरची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि महावितरणचा दर तिच्या साऱ्या क्षेत्रात एकच असल्यामुळे केंद्र उशाशी असल्याचा लाभ आपल्याला मिळत नाही. शिवाय शेतीपंपांना खर्चापेक्षा कमी दराने दिलेल्या विजेचा काही भार उद्योगांच्या दरावर टाकला जातो. शेतकऱ्याला वीज स्वस्तच मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो खर्च शासनाने पूर्णपणे अर्थसंकल्पातून उचलावा. कोणत्याही ग्राहकाचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर किंवा खाली, एवढ्याच मर्यादेत असावा, असे २०१६च्या राष्ट्रीय वीजदर धोरणातही म्हटले आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धंद्यागणिक बदलते. एक टन ॲल्युमिनियम गाळायला सुमारे चौदा हजार युनिट लागतात, म्हणून तिथे विजेचा दर हाच धंद्याचा प्राण असतो. १९७३ नंतर तेल महागले, तेव्हा तेलावरच्या विजेवर चालणारे जपानमधले ॲल्युमिनियम गाळण्याचे बहुतेक कारखाने पुढच्या दीड दशकात बंद पडले, आणि तो देश हा धातू बाहेरून आणू लागला. कारागिरांचे कौशल्य तेच होते, यंत्रेही तीच होती; बदलला तो फक्त ऊर्जेचा भाव. चटईच्या धंद्यात मात्र प्लॅस्टिकच्या दाण्याचा, म्हणजे कच्च्या मालाचा, खर्च विजेपेक्षा मोठा असतो. तरीही नफा थोडा असल्यामुळे युनिटमागे वाढलेला एखादा रुपयाही आपल्याला जाणवतो.

माझ्या मते दराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे तो अखंड पुरवठा. वीज मध्येच गेली की एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे दाणा वितळवून दाबाने बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, नळीतला वितळलेला दाणा थिजतो, यंत्र साफ करून पुन्हा तापवावे लागते आणि तोवर कामगार बसून राहतात. हे नुकसान बिलात कुठेच दिसत नाही. म्हणून वीज केव्हा गेली, किती वेळ गेली आणि किती माल वाया गेला, याची नोंदवही ठेवावी. राज्य वीज नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी जाहीर सुनावणी घेतो, तेव्हा वसाहतीतल्या सगळ्या कारखानदारांनी अशा नोंदी एकत्र करून लेखी हरकतीसोबत तिथे मांडाव्यात.