रिकाम्या शेताचीही नोंद कर

अनेक आशीर्वाद.

प्रवराकाठच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तुझा आराखडा वाचला. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही ओळखीची प्राचीन स्थळं नकाशावर आहेत, पण तुझी प्रत्येक फेरी नदीला चिकटून जाते. मग ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या, वस्त्या नदीकाठीच सापडणार, दुसरीकडे तू पाहतच नाहीस ना! निम्म्या फेऱ्या नदीला काटकोनात घे, काठापासून ओढे ओलांडत थेट माळापर्यंत. काही मिळालं नाही तरी ते शेत वहीत उतरव आणि जमीन कशी होती तेही लिही. उभ्या उसात शिरून 'अवशेष नाहीत' असा शेरा मारला, तर त्याला माझ्या लेखी किंमत नाही. पुराच्या गाळाखाली गेलेली वस्ती वरून दिसत नाही, म्हणून ओढ्यानं कापलेल्या दरडी खालपासून वरपर्यंत बघ. राखेचा करडा पट्टा आणि त्यात अडकलेली खापरं तिथेच दिसतात.

गावात गेल्यावर 'प्राचीन स्थळ' विचारू नकोस, पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं टेकाड, कुठे आहे ते विचार. लोकांनी तिथली माती शेतात नेऊन टाकलेली असते, त्यामुळे टेकाड निम्मं सपाट झालेलं असेल. गावकऱ्यांचं ऐकायचा कंटाळा करू नकोस. दायमाबादला १९५८-५९ मध्ये उत्खनन झालं होतं, तरी कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस १९७४ मध्ये सापडली ती तिथल्याच एका रहिवाशाला.

जोर्वे पद्धतीचं खापर ओळखायला वेळ लागणार नाही: लाल-नारिंगी, वर काळी नक्षी, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतं. दगडाचं मात्र जपून. कॅल्सेडोनीची (गारेसारख्या गुळगुळीत दगडाची) चार पाती मिळाली म्हणून हुरळू नकोस, शेजारी गाभे (ज्या दगडातून पाती काढली तो उरलेला भाग) आणि छिलके (घडवताना उडालेले तुकडे) आहेत का बघ. असतील तर पाती तिथेच घडवली गेली. नदीच्या गोट्यांत सापडणारी अश्मयुगीन हत्यारं हे तर वेगळंच प्रकरण. नेवाशाला ती अशा थरांतूनही मिळाली आहेत. कडा झिजलेल्या असतील तर ती पाण्यानं वाहून आलेली; तिथे वस्तीची खूण करू नकोस.

वस्तू उचलण्याआधी जीपीएसची नोंद आणि फोटो, हे तुला सांगायला नको. निघायची घाईही करू नकोस. नांगरटीवर वळवाची एक सर पडू दे. माती धुतली गेली की खापर लांबूनही डोळ्यांत भरतं. पुढे जमीन वाफशावर आली की चालायला लाग, नाहीतर काळ्या रानातला चिखल पाऊल उचलू देणार नाही.