कोनी आयलंडवरचं सी लायन पार्क सातच वर्षांत का बंद पडलं?

शेवटचा घाव पावसाने घातला. न्यूयॉर्कजवळचं हे करमणुकीचं पार्क कॅप्टन पॉल बॉयटनने ४ जुलै १८९५ ला उघडलं. रबरी पोशाख घालून इंग्लिश खाडी पार करणारा तोच हा पठ्ठ्या! सगळीकडून कुंपण आणि दारातच तिकीट, हा प्रकार तिथे नवा होता. समुद्रसिंहांचे खेळ, उतारावरून थेट तळ्यात आपटणाऱ्या सपाट होड्या, दोन्ही जोरात चालले. ‘फ्लिप फ्लॅप’ ही रुळांच्या उभ्या फेऱ्यातून माणसांना उलटं फिरवणारी गाडी मात्र फसली. तिचा फेरा पूर्ण गोल होता, त्यामुळे फेऱ्यात शिरतानाच मानेला जबर हिसका बसायचा. त्यात १९०२ चा उन्हाळा पावसात वाहून गेला. बॉयटनने जागा थॉम्पसन आणि डंडी या करमणुकीच्या धंद्यातल्या जोडीला दिली. १९०३ मध्ये तिथेच लूना पार्क उभं राहिलं. होड्यांची घसरगुंडी तेवढी त्यांनी ठेवली.