मध्यंतर परत आणा

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका सभागृहात चित्रपट दाखवतो. विषय एकच, शेती आणि अन्न. चित्रपट संपला की बाहेर आसपासच्या छोट्या उत्पादकांची टेबलं असतात. ऐंशी-नव्वद माणसं येतात, टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. माल तसाच परत जातो. गेल्या वेळी दोघा उत्पादकांनी ‘पुढच्या महिन्यात जमणार नाही’ असं सांगूनच टाकलं. सोबत आजवरच्या नऊ चित्रपटांची यादी पाठवली आहे. आमची निवड चुकतेय का?

उत्तर : थोडी चुकतेय. नऊपैकी सात चित्रपट कारखान्यातल्या अन्नाने कसं वाटोळं केलं, हेच सांगणारे आहेत. ते पाहून माणूस गप्प होतो, त्याला जरा अपराधी वाटतं आणि कधी एकदा घरी जातो असं होतं. अशा वेळी बरणीचं झाकण उघडून वास कोण घेणार? पण हे दुय्यम. तुमचं खरं गणित वेळेत चुकलंय.

मी फिल्म सोसायटीत बरीच वर्षं १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर चालवला. १६०० फुटांचं रीळ साधारण ४४ मिनिटांत संपायचं आणि आमच्याकडे प्रोजेक्टर एकच. रीळ बदलेपर्यंत दिवे लावावे लागायचे. मला त्याची लाजच वाटायची. पण ओळखीपाळखी, वादावादी, थकलेल्या वर्गणीची वसुली, सगळं त्याच दहा मिनिटांत व्हायचं. चित्रपट संपताना मात्र दिवे लागायच्या आत अर्धी मंडळी चपला शोधत असायची. आता लॅपटॉपवरून अखंड दाखवता येतं, म्हणून तुमच्या कार्यक्रमात मध्यंतरच उरलेलं नाही. ते परत आणा. वीस मिनिटं तरी ठेवा.

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २००७ साली खाद्यपदार्थांवरच्या चित्रपटांचा वेगळा विभाग सुरू झाला, तिथे चित्रपटानंतर जेवण असायचं. पण ते ठरवून आलेलं जेवण, त्यासाठी माणूस थांबतो. तुमच्याकडे त्याला थांबायला काही कारण नाही.

आता दुसरी गोष्ट. टेबलामागच्या माणसाला तुम्ही पाहुणा केलंय की विक्रेता? श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ १९७६चा, गावातल्या दूध सहकारी संस्थेच्या उभारणीवरचा. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि चित्रपट उभा राहिला. मग ‘आपला’ चित्रपट बघायला ते गाड्या भरभरून आले. पुढे त्याच्या १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगाव फिरल्या, तेव्हा सोबत पशुवैद्य आणि चाऱ्यातला जाणकारही असायचा. पडद्यावर पाहून जो प्रश्न पडला, त्याचं उत्तर देणारा माणूस तिथेच उभा. चित्रपट फार तर मनात प्रश्न जागा करतो. माल खपतो तो उत्तर देणाऱ्यामुळे. तेव्हा मध्यंतराच्या आधी एका उत्पादकाला, एकालाच, तीन मिनिटं बोलू द्या. स्वतःची महती नको. यंदा काय बिघडलं ते सांगायला सांगा. लोक तेच लक्षात ठेवतात आणि टेबलापाशी येऊन तेच विचारतात.

निवडीबद्दल म्हणाल तर एखादं काम नीट, जवळून दाखवणारे चित्रपट घ्या. ‘हनीलँड’ बघा, २०१९चा, उत्तर मॅसेडोनियातल्या एका मधपाळ बाईचा. अर्धा मध माझा, अर्धा माश्यांचा, हा तिचा नियम. शेजारी तो पाळत नाही, मग काय होतं हे सगळं न ओरडता दिसतं. त्या दिवशी टेबलावर मधपाळ असेल तर त्याला जाहिरात करावीच लागणार नाही.

चित्रपट चालू असताना मात्र कुणालाही खायला देऊ नका. उपशीर्षकं वाचायची असतात. नजर ताटलीत गेली की दोन वाक्यं हुकतात आणि माणूस शेजाऱ्याला विचारतो. मग पुढची दोन दोघांचीही हुकतात. टेबलं सभागृहात आणायचा मोहही टाळा. त्यांच्या दिव्यांनी पडदा फिका पडतो, आणि अंधारात माल दिसत नाही. व्हरांडाच बरा, फक्त टेबलं दाराच्या अगदी तोंडाशी, पाय अडखळतील इतकी जवळ.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी किंवा स्ट्रीमिंगचं सदस्यत्व म्हणजे सभागृहात दाखवायची परवानगी नव्हे, प्रवेश फुकट असला तरी. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना लेखी विचारा. माहितीपटवाले बहुतेकदा आनंदाने उत्तर देतात, कधी दिग्दर्शक स्वतःच पत्र लिहितो. ते पत्र मध्यंतराआधी वाचून दाखवायला छान असतं.

आणि त्या दोघा उत्पादकांना आजच फोन करा. ‘टेबल लावा’ म्हणू नका. पुढच्या महिन्यासाठी तीन चित्रपट निवडून ठेवा, त्यांना घरी बोलवून दाखवा आणि त्यातला कोणता लावायचा हे त्यांना ठरवू द्या.