प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याला दोष द्यायची सवय कशी मोडायची?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात काही चुकलं की साहेबाचं नाव तोंडात येतं, घरात चुकलं की बायकोचं, आणि आता ती बोलायचीच बंद झालीय. मी शेतकरी माणूस, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात राहतो, या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही, पण ही सवय मला लै वर्षं होती म्हणून लिहायलोय.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात लै जणांचं सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, औरंगाबाद खंडपीठानं सुद्धा दखल घेतली. माझं चार एकर होतं. आठव्या दिवशी रानात जाऊन बघतो तर तासात कुठंतरी एखादा मोड, बाकी सगळं मोकळं. तशीच गाडी काढली, तालुक्याला गेलो आणि दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो, मग घरी येऊन बायकोवर घसरलो, कारण त्या दुकानातनं आणा असं ती म्हणली होती. लेकरांसमोर बोललो. ते अजून आठवतं.

संध्याकाळी आमचे चुलते बांधावर बसले होते, तात्या म्हणतो आम्ही त्यांना. ते रागावले नाहीत काही नाहीत, एवढंच विचारलं, "गोणपाटात शंभर दाणे टाकून बघितले होतेस का रे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याच्या वर आले तर पेरायचं, थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर बॅग परत करायची. एक रुपया लागत नाही. मी ते केलं नव्हतं. शेजारच्यानं त्याच दुकानातनं त्याच लॉटची बॅग आणली होती, त्यानं बघितलं तर साठच आले, मग त्यानं बियाणं वाढवलं, पाऊस शंभर मिलिमीटर होईपर्यंत थांबला आणि वरच्यावर पेरलं, दीड-दोन इंचच खोल. मी दोन सरी पडल्या की ट्रॅक्टर मोकळा हाय म्हणून घाई केली आणि बी पार खाली गेलं. सोयाबीनचं बी लै नाजूक असतं, फार खोल गेलं की मोडाला वर यायला जमत नाही. त्याचं पातळ उगवलं पण पीक मोडायची वेळ आली नाही. मला दुबार पेरणी करावी लागली.

आता बघा, बियाणं कमजोर होतं हे खरंच होतं. माझ्या मते या सवयीची खरी अडचण हीच आहे, आपण दोष देतो त्यात बऱ्याचदा तथ्य असतं, साहेब खरंच तिरसट असतो, आणि तेवढं तथ्य हातात आलं की आपण स्वतःकडं बघायचं थांबतो. बियाणं दुकानदाराकडचं, पण तपासलं नाही, घाई केली, खोल पेरलं, हे तिन्ही माझं. आणि पुढच्या वर्षी मला बदलता येणार होतं ते हे तिन्हीच.

मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. आपली बोली ऐका, "उशीर झाला", "फॉर्म भरायचा राहिला", "कप फुटला", "तोंडातनं निघून गेलं". कुणी काही केलंच नाही, सगळं आपोआप झालं! मी ठरवलं की असं वाक्य तोंडात आलं की तिथंच थांबायचं आणि "मी" लावून परत बोलायचं. मी उशिरा निघालो. मी फॉर्म भरला नाही. मी तसं बोललो. पहिले पंधरा-वीस दिवस छातीवर दगड ठेवल्यागत वाटतं, खोटं नाही सांगत, पण करून बघा.

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण ती सांगितली नाही तर अन्याय होईल. ज्युलियन रॉटर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलं होतं की काही माणसांना आयुष्याची दोरी आपल्या हातात वाटते आणि काहींना बाहेरच्याच्या, डीएडला आम्हाला ते होतं. पण आपल्याकडं पावसानं आणि बाजारभावानं इतक्यांदा दगा दिलाय की दोरी बाहेर आहे असं वाटणं म्हणजे आळस नाही, अनुभवच तसा आहे. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणीत पाच लाख लिटर. तो दुष्काळ काय माझ्यामुळं पडला नव्हता. पण बोअरच्या भरवशावर मोकाट पाण्यानं एकरभर ऊस मी लावला होता, ठिबक केलं नव्हतं, ते माझं. म्हणून जबाबदारी घ्या म्हणजे सगळं स्वतःवर ओढून रात्रभर स्वतःला शिव्या द्या असं नाही, ती पण दोष द्यायचीच सवय आहे, फक्त माणूस बदलला. तसं वाटायला लागलं तर कुणाशी तरी बोला, एकट्यानं बसू नका.

दुकानदाराकडं मी दोन महिन्यांनी गेलो, जेवढं बोललो होतो ते चारचौघात बोललो होतो म्हणून माफी पण गिऱ्हाइकं असतानाच मागितली. बायकोला म्हणलं, दुकान तू सुचवलंस, पेरलं मी, आणि लेकरांसमोर बोललो ते चुकलं. इथं एक सांभाळा, वाक्याच्या शेवटी "पण" लावू नका. "माझं चुकलं पण तू पण" म्हणलं की माफी गेली पाण्यात. आणि एकदा बोललं की ती लगेच हसेल असं धरून बसू नका, माझ्या घरी नीट बोलणं व्हायला पेरणीपासून दिवाळी उजाडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात गोणपाट तिनंच भिजवलं, मोड लेकीनं मोजले, ब्याऐंशी निघाले.